मातीचें कबुतर व पहिला धडा

इंग्लंडांत कांहीं काळ राहून आलेल्या आपल्याकडील मंडळींच्या तोंडून एक हकीकत वारंवार ऐकूं येते. कचेरींतील सहकाऱ्यांनीं एका शनिवारीं आग्रह करून गांवाबाहेरच्या मैदानावर नेलें. तेथें हातांत दुनळी बंदूक दिली, यंत्रांतून आकाशांत काळ्या-नारिंगी चकत्या उडविल्या, आणि या गृहस्थांनीं पंचवीस काडतुसें खर्चून त्यांतल्या दोन फोडल्या. दुसऱ्या दिवशीं खांदा निळाजांभळा झाला. हकीकतीचा शेवटही बहुधा ठरलेला असतो : "हें आपलें काम नव्हे; तें रक्तांत असावें लागतें."

श्रोतेहो, आज मला भांडावयाचें आहे तें या शेवटल्या वाक्याशीं. मातीच्या कबुतरांवर बार काढण्याचे धडे मीं स्वतः घेतले आहेत, आणि त्याहून अधिक धडे शिकणाऱ्याच्या मागें बांकावर बसून पाहिले आहेत. त्यांवरून माझी अशी खात्री झाली आहे, कीं पहिल्या दिवशीं जे हात हालवीत परत येतात त्यांच्यापैकीं बहुतेकांच्या रक्तांत कांहीं उणें नसतें. उणें असतें तें धड्यांत. कांहीं वेळां शिक्षकानें एक गोष्ट तपासलेली नसते, आणि पुष्कळदां शिकणाऱ्यानें ती विचारलेली नसते. पैसे तर जातातच; पण आपल्याला हें जमणार नाहीं हा चुकीचा समज माणूस जन्मभर बाळगतो, तें नुकसान मोठें आहे.

या खेळांतलें कबुतर नांवाचेंच कबुतर आहे, आणि मातीही नांवाचीच. चुनखडीची भुकटी आणि डांबरासारखी राळ यांचें मिश्रण साच्यांत दाबून ही लहानशी बशी तयार करतात. तिचा व्यास ११० मिलिमीटर आणि वजन सुमारें १०५ ग्रॅम. यंत्राचा झटका सोसण्याइतकी ती घट्ट असते, आणि दोनचार छर्रे लागतांच फुटेल इतकी ठिसूळ. एकोणिसाव्या शतकांत इंग्लंडांतील शौकीन लोक खरींखुरीं कबुतरें पेटींत कोंडून ठेवीत. दोरी ओढली कीं पेटी उघडे, पक्षी उडे आणि बार होई. आजही नेमबाज चकती सोडण्यासाठीं "पुल" अशी आरोळी देतो, ती त्या दोरीचीच आठवण. पुढें पिसें भरलेले कांचेचे गोळे आले. आणि १८८० सालीं अमेरिकेंत सिनसिनाटी येथील जॉर्ज लिगोव्स्की यानें ही चपटी चकती काढली. तरीही १९०० सालीं पॅरिस येथें ऑलिंपिकच्या निमित्तानें जिवंत कबुतरांवर बार झडलेच. ब्रिटनमध्यें १९२१ च्या कायद्यानें कोंडलेले पक्षी सोडून त्यांवर बंदूक चालविण्यास बंदी झाली. ज्यांच्या घरीं मुंगीसही दुखवूं नये अशी शिकवण आहे त्यांनीं हा इतिहास मुद्दाम लक्षांत ठेवावा. आज या मैदानावर मरत कांहींच नाहीं. गवतांत खापऱ्या तेवढ्या पडतात.

आपल्या महाराष्ट्राला नेमबाजी अपरिचित नाहीं. अंजली भागवत, २०१० सालीं म्यूनिक येथें जगज्जेतेपद मिळविणारी कोल्हापूरची तेजस्विनी सावंत, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्यें कांस्यपदक मिळविणारा स्वप्नील कुसाळे, हीं नांवें घरोघरीं ठाऊक आहेत. पण ही सर्व मंडळी रायफलची. छर्ऱ्याच्या बंदुकीची परंपरा आपल्या देशांत वाढली ती मुख्यतः उत्तरेकडे. बिकानेरचे करणीसिंह यांनीं १९६२ सालीं कैरो येथील जागतिक स्पर्धेंत रौप्यपदक मिळविलें, राजस्थानच्याच राज्यवर्धनसिंह राठोड यांनीं २००४ सालीं अथेन्सच्या ऑलिंपिकमध्यें डबल ट्रॅप या प्रकारांत तेंच यश मिळविलें, आणि २००६ सालीं मानवजितसिंह संधू ट्रॅपमध्यें जगज्जेते झाले. हा फरक मी मानापमानासाठीं सांगत नाहीं. त्याचा आपल्या विषयाशीं निकट संबंध आहे. आपल्या सुशिक्षित माणसाच्या मनांत नेमबाजीचें जें चित्र असतें तें रायफलचें असतें : एक डोळा मिटलेला, श्वास रोखलेला, शरीर दगडासारखें स्थिर, आणि चाप हळूहळू दाबला जात आहे. तें चित्र मनांत घेऊन जो मातीच्या कबुतरापुढें उभा राहतो त्याचा पहिला तास फुकट जातो. कारण येथें जवळजवळ सगळेंच उलट आहे.

रायफलीला पुढें माशी आणि मागें खांच असते. दोन्ही एका रेषेंत आणून स्थिर निशाण साधावयाचें असतें. छर्ऱ्याच्या बंदुकीस टोंकाला बारीकशी माशी असते, पण मागची खांच नसते. ती खांच म्हणजे नेमबाजाचा स्वतःचा डोळा. आणि निशाण तर क्षणभरही स्थिर नसतें. माशीकडे पाहूं गेलें कीं कबुतर अंधुक होतें आणि बंदूक थबकते. म्हणून पाहावयाचें तें केवळ कबुतराकडे. आकाशांतला पतंग मुलाला बोटानें दाखवितांना आपण बोटाकडे पाहत नाहीं, आणि तरीही बोट बरोबर पतंगावर असतें. ही बंदूक चालते ती त्याच रीतीनें.

आतां थोडें गणित करूं. नवशिक्याला देतात त्या काडतुसांत २१ किंवा २४ ग्रॅम छर्रे असतात. २४ ग्रॅमच्या काडतुसांत त्यांची संख्या तीनशेंच्या आसपास किंवा थोडी अधिकच भरते. तीस मीटरवर ते पसरून त्यांचा सुमारें पाऊण ते एक मीटर रुंदीचा घोळका होतो. ऐकणाऱ्याला वाटेल, एवढें मोठें जाळें टाकल्यावर चकती सुटेल कशी? ती सुटते ती साध्या त्रैराशिकानें. डोळ्यापासून नळीच्या तोंडापर्यंतचें अंतर सुमारें एक मीटर. तेव्हां डोळा आपल्या जागेवरून एक सेंटिमीटर ढळला, तर तीस मीटरवर छर्रे जवळजवळ तीस सेंटिमीटर ढळतात. दोन सेंटिमीटर ढळला तर साठ, आणि मग चकती जाळ्याबाहेर. चकती फुटली कीं नाहीं तें पाहण्याच्या उत्सुकतेनें दस्त्यावर टेकलेला गाल जरासा उचलला गेला, कीं बार चकतीच्या वरून जातो. शिक्षक तासभर "गाल टेकवा, गाल टेकवा" असें घोकत असतात त्याचें कारण हें. दस्ता प्रथम गालाला भिडवावा आणि मग खांद्याच्या खळगींत बसवावा. खांद्याला लावून मग मान वांकवून गाल शोधीत जाऊं नये.

त्या न तपासलेल्या गोष्टीकडे आतां येतों. माणूस जसा उजवा किंवा डावखुरा असतो, तसा त्याचा डोळाही असतो. दोन्ही डोळे उघडे असतांना दिशा ठरविण्याचें काम मेंदू त्यांपैकीं एकाकडे सोंपवितो. त्याला आपण मुख्य डोळा म्हणूं. सुमारें दोन-तृतीयांश माणसांत तो उजवा असतो. राहिलेल्यांपैकीं बहुतेकांत डावा, आणि थोड्यांच्या बाबतींत दोन्ही डोळे बरोबरीनें कारभार करतात. उजव्या हातानें लिहिणारा माणूस डाव्या डोळ्याचा असूं शकतो. अशीं माणसें पुष्कळ आहेत, आणि त्यांना स्वतःला याचा पत्ता नसतो. कारण लिहितांना, वाचतांना किंवा भाजी चिरतांना त्यामुळें कांहींच अडत नाहीं.

अशा माणसानें उजव्या खांद्याला बंदूक लावली म्हणजे काय होतें? नळी उजव्या डोळ्यासमोर असते, पण माशी आणि कबुतर यांची जुळणी करतो डावा डोळा. दोन बाहुल्यांमधील अंतर सुमारें साडेसहा सेंटिमीटर. मघांचेंच त्रैराशिक लावून पाहा : तीस मीटरवर बार जवळजवळ दोन मीटर डावीकडे जातो. जाळें एक मीटरचें आणि चूक दोन मीटरची! असा माणूस मन लावून दिवसभर बार काढीत राहिला, तरी समोरून सरळ जाणारी चकती त्याला योगायोगानेंच फुटेल. आणि त्याला मात्र प्रत्येक वेळीं दिसत असतें कीं आपली माशी कबुतरावर अगदीं बरोबर होती.

माझी एक पुतणी इंग्लंडांत शिकावयास होती. विद्यापीठांतील मैत्रिणींबरोबर ती एका मैदानावर दोन वेळां गेली, आणि दोन्ही वेळां तिला सांगण्यांत आलें कीं तुझी एकाग्रता कमी पडते. मुलगी अभ्यासू, तिनें तें मनाला लावून घेतलें. मी तिकडे गेलों असतां मला म्हणाली, "काका, मला कबुतर स्वच्छ दिसतं, माशी त्याच्यावर असते, आणि तरी बार कुठं जातो तेच कळत नाही. तुम्ही उगीच माझी समजूत घालू नका." तिसऱ्या खेपेस आम्हीं दुसरें मैदान गांठलें. तेथील शिक्षक वयस्क आणि मितभाषी होता. बंदुकीला हात लावू देण्यापूर्वीं त्यानें तिला दोन्ही हात लांब करून पंजांमध्यें लहानसें छिद्र करावयास सांगितलें, आणि म्हणाला, यांतून माझ्या नाकाकडे पाहा. छिद्रांतून त्याला दिसला तो तिचा डावा डोळा. तो कांहीं बोलला नाहीं. संरक्षक चष्म्याच्या डाव्या कांचेवर, नेमक्या बाहुलीसमोर, त्यानें नखाएवढी धुरकट चिकटपट्टी लावली. दोन्ही डोळे उघडेच राहिले, पण माशी जुळविण्याचें काम आपोआप उजव्या डोळ्याकडे आलें. त्या तासांत तिनें वीस बारांत अकरा चकत्या फोडल्या. आनंदापेक्षां तिला रागच अधिक आला होता, आणि तो मला रास्त वाटला. मधले दोन महिने तिनें आपल्याला एकाग्रता नाहीं असें धरून चालण्यांत घालविले होते, आणि त्याचा परिणाम केवळ बंदुकीपुरता राहिला नव्हता.

ही परीक्षा घरीं एका मिनिटांत होते. दोन्ही हात पुढें ताणून पंजांच्या बेचक्यांत लहानशी फट ठेवावी, दोन्ही डोळे उघडे ठेवून तींतून भिंतीवरचें घड्याळ पाहावें, आणि हात न हालवितां एकेक डोळा आळीपाळीनें मिटावा. ज्या डोळ्याला घड्याळ दिसत राहतें तो मुख्य डोळा. तीनचार वेळां करून पाहावें. निकाल दर खेपेस बदलत असेल, तर तेंही शिक्षकाला सांगण्यासारखें आहे. उजव्या हाताच्या माणसाचा डावा डोळा मुख्य निघाला तर वाटा तीन : डाव्या खांद्यावरून शिकणें, ती पट्टी लावणें, किंवा बार काढण्याच्या क्षणीं डावा डोळा मिटणें. ज्यानें अजून कधीं बंदूक धरलीच नाहीं त्यानें पहिल्याच दिवशीं डावा खांदा वापरून पाहावा, असें माझें मत आहे. दोन्ही डोळ्यांचा लाभ पुरा मिळतो, आणि मोडावयाची अशी जुनी संवय नसते. कांहीं शिक्षक याच्या उलट सांगतील. त्यांच्याशीं वाद घालूं नये. प्रश्न मात्र अवश्य विचारावा.

दुसरी विचारावयाची गोष्ट म्हणजे बंदुकीचें माप. शिकाऊ लोकांसाठीं मैदानावर ठेवलेल्या बंदुका बहुधा उंच्यापुऱ्या पुरुषाला बसतील अशा असतात. पांच फूट उंचीच्या आपल्या एखाद्या भगिनीला तो दस्ता लांब होतो. तो काखेजवळ अडकतो. मग साडेतीन किलोंचें वजन सांवरण्यासाठीं ती मागें झुकते, दस्ता खांद्याची खळगी सोडून दंडावर टेकतो, आणि काळेनिळे व्रण उठतात ते तेथेंच. वेळ ठरवितांनाच आपली उंची, आपण उजवे कीं डावखुरे, आणि चष्मा आहे कीं नाहीं हें कळवावें, व आंखूड दस्त्याची बंदूक मागून घ्यावी. हलकी बंदूक म्हणजे सौम्य बंदूक, हा समजही खरा नव्हे. काडतूस तेंच ठेवलें तर हलकी बंदूक अधिक जोरानें लाथ मारते. नाजूक प्रकृतीच्या माणसाला अंमळ जड बंदूक आणि २१ ग्रॅमचें काडतूस हेंच सुखाचें पडतें. अंगांत घट्ट बसणारें जाकीट आणि पायांत सपाट जोडा असावा. गळ्यांतील जाड साखळी व मोकळी ओढणी घरीं ठेवावी. ज्यांचा चष्मा जवळचें व लांबचें पाहण्याच्या दुहेरी भिंगांचा आहे त्यांनीं निव्वळ लांबचा चष्मा बरोबर न्यावा.

पहिला पाव तास बार न काढतां जातो. त्याबद्दल कुरकुर करूं नये. तासांतला सर्वांत मोलाचा भाग तोच. बंदूक हातांत असतांना ती मोडलेली, म्हणजे सांध्यावर उघडलेली असावी, कीं दोन्ही नळ्या रिकाम्या आहेत हें कोणालाही दुरून दिसेल. ती भरावयाची ती आपल्या जागीं उभें राहून, तोंड मैदानाकडे करून. कबुतर मागेपर्यंत बोट चापावर जातां कामा नये. कोणी नांवानें हांक मारली तरी बंदुकीसकट वळूं नये. माणूस सहज वळतो आणि नळीचें तोंड त्याच्याबरोबर वळतें. चाप ओढूनही बार झाला नाहीं, तर नळी मैदानाकडेच रोखून निदान अर्धा मिनिट थांबावें आणि शिक्षक सांगेल तेव्हांच ती उघडावी.

या नियमांपैकीं एकाचें कारण जरा विस्तारानें सांगतों, कारण पतिपत्नी जोडीनें धडा घेतात तेव्हां तोच प्रसंग येण्याचा संभव असतो. बारा बोर म्हणजे ज्या मापाच्या बारा शिशाच्या गोळ्या मिळून एक पौंड भरतात त्या मापाची नळी. वीस बोर म्हणजे तशा वीस गोळ्यांची. अर्थात् वीसची नळी बारीक. समजा पतीच्या हातीं बारा बोरची बंदूक आहे, पत्नीच्या हातीं वीसची, आणि दोघांचीं काडतुसें एकाच खिशांत. चुकून वीसचें काडतूस बाराच्या नळींत घातलें, तर तें घसरून पुढें जातें आणि मध्येंच अडकतें. मागून पाहणाऱ्याला नळी रिकामी दिसते. तो वर बाराचें काडतूस भरतो आणि चाप ओढतो. नळी फुटते, आणि नेमक्या त्याच ठिकाणीं खालून डाव्या हाताची मूठ असते. वीस बोरचीं काडतुसें पिवळ्या रंगाचीं करण्याचा प्रघात पडला तो यासाठीं. दोन जातींचीं काडतुसें एका खिशांत, एका टेबलावरदेखील, असूं देऊं नयेत.

मग प्रत्यक्ष बार. येथें मी शिकणाऱ्याला एकच विनंती करीन : सहल आणि धडा या दोन गोष्टी निराळ्या ठेवाव्या. दहा मित्रांनीं मिळून, हंशाटाळ्यांत, पाळीपाळीनें पांच-पांच काडतुसें उडविणें ही सहल झाली. ती मजेची असते, पण तींत शिकणें होत नाहीं. धडा घ्यावयाचा तर एकट्यानें, फार तर दोघांनीं. आणि त्या धड्यांत नाना तऱ्हेचीं कबुतरें मागूं नयेत. स्कीट नांवाच्या प्रकारांत मैदानाच्या दोन टोंकांस दोन घरें असतात, एक उंच व एक बुटकें, आणि नेमबाज अर्धवर्तुळावरील स्थानांवर क्रमानें उभा राहतो. त्यांतील सातव्या स्थानावर बुटक्या घराचें कबुतर नेमबाजाच्या जवळून निघून जवळजवळ सरळ पुढें दूर जातें. पुष्कळ शिक्षक आरंभ तेथून करतात, कारण त्याला आडवें अंतर जवळपास द्यावें लागत नाहीं. तेंच तें कबुतर पंधरा-वीस वेळां मागावें. कंटाळवाणें वाटेल, पण संगीतांत नवशिका एकच पलटा घोकतो तेव्हां आपल्याला त्यांत नवल वाटत नाहीं.

प्रत्येक बारानंतर शिक्षक कांहीं बोलण्यापूर्वींच आपण सांगावें, कीं मला काय जाणवलें. गाल सुटला, बंदूक थांबली, डोळा माशीवर गेला, वजन मागच्या टांचेवर होतें. शिक्षक मागें, आपल्या खांद्याच्या रेषेंत उभा असतो. अनुभवी नजरेला हवेंत छर्ऱ्यांचा पट्टादेखील कित्येकदां दिसतो. त्याचें उत्तर आणि आपलें उत्तर जुळूं लागलें, कीं धडा लागला असें समजावें, मग चकत्या फुटोत वा न फुटोत. उलट चकती फुटली आणि कां फुटली तें कळलें नाहीं, तर तें यश उधारीचें. मागें उभें राहून चित्रें घेणारे आणि "वर गेला, खालीं गेला" असें ओरडणारे आप्तेष्ट यांना चहाच्या टपरीवर बसवावें. त्यांना छर्रे दिसत नसतात.

कबुतर आडवें जाऊं लागलें म्हणजे सुशिक्षित माणसाची फसगत होते. कबुतराचा वेग सेकंदाला वीस मीटर धरूं. छर्ऱ्यांना तीस मीटर जावयास सेकंदाचा सुमारें दहावा भाग लागतो. तेवढ्या वेळांत कबुतर दोन मीटर पुढें गेलेलें असतें. म्हणजे बार दोन मीटर पुढें पाहिजे. गणित निर्दोष आहे, पण आकाशांत मोजपट्टी नसते. आपला पदवीधर तें अंतर मोजूं लागतो, मोजण्यासाठीं माशीकडे पाहतो, पाहतांच बंदूक थबकते, आणि बार कबुतराच्या मागून निघून जातो. नवशिक्यांचे आडव्या कबुतरावरील बहुतेक बार मागेंच जातात. वस्तुतः ते दोन मीटर नळीच्या तोंडाशीं अवघे सहा-सात सेंटिमीटर असतात. कबुतराच्या मागून बंदूक आणावी, त्याला ओलांडावें, ओलांडतां ओलांडतां चाप ओढावा आणि बार झाल्यावरही वळणें चालूं ठेवावें. लंडनचा प्रसिद्ध बंदूककार रॉबर्ट चर्चिल याचें तर म्हणणें असे, कीं पुढचें अंतर जाणूनबुजून मोजूंच नये. नजर कबुतरावर ठेवून अंग वळूं द्यावें, हात तें अंतर आपण होऊन घेतात. वेस्ट लंडन शूटिंग स्कूलमधील नामांकित शिक्षक पर्सी स्टॅनबरी यांची रीत निराळी; पुढच्या पायावर भार आणि शिस्तीची उभारणी यांवर त्यांचा भर. आज शिक्षकांमध्यें निदान तीन पद्धति प्रचारांत आहेत, आणि तिन्हींनीं माणसें शिकलीं आहेत. नवशिक्यानें त्यांची तुलना करीत बसूं नये. पहिले चारपांच धडे ज्या शिक्षकाकडे त्याचीच पद्धति. पुस्तकांतली दुसरी पद्धति मध्येंच आणली, कीं दोन्ही बिघडतात.

काडतुसांच्या संख्येविषयीं माझा अनुभव असा, कीं पहिल्या तासाला पंचवीस ते पस्तीस पुरेत. त्यापुढें हात दमतो, पुढची नळी खालीं येऊं लागते, आणि धक्क्याची धास्ती बसून बाराच्या आधींच डोळे मिटतात. ही धास्ती एकदां अंगीं बाणली म्हणजे ती काढावयास महिने लागतात. चाळीस-पन्नास काडतुसांचे पैसे अगोदरच भरले आहेत म्हणून तीं संपविण्याचा हट्ट धरूं नये. उरलेल्या वेळांत शिक्षक दुसऱ्याला शिकवीत असेल तर तें बांकावर बसून पाहावें. कानांवरचीं झांकणें मात्र बांकावरही काढावयाचीं नाहींत. परत निघतांना, चहाबिस्किटांना हात लावण्यापूर्वीं, हात साबणानें स्वच्छ धुवावे. छर्रे बहुधा शिशाचे असतात आणि त्याचा अंश बोटांवर राहतो.

हे धडे कोठें घेतां येतील, असें आपणांपैकीं कित्येकजण विचारतील. ब्रिटनमध्यें १९६८ च्या शस्त्रकायद्यांत अशी सवलत आहे, कीं पोलीस अधिकाऱ्यानें मान्य केलेल्या स्थळीं व वेळीं, कृत्रिम निशाणावर, परवाना नसलेल्या माणसालाही छर्ऱ्याची बंदूक चालवितां येते. म्हणून तिकडे शिकणाऱ्या वा नोकरी करणाऱ्या आपल्या मुलामुलींना ही संधि सहज मिळते. आपल्याकडे १९५९ चा शस्त्रकायदा आहे आणि मार्ग इतका सोपा नाहीं. मान्यताप्राप्त नेमबाजी संस्थेमार्फतच जावें लागतें. दिल्लीजवळ तुघलकाबाद येथें करणीसिंह यांच्या नांवाचें जें मैदान आहे तेथें छर्ऱ्याच्या बंदुकीची सोय आहे.

दुसरा धडा शक्य तों पंधरा दिवसांच्या आंत आणि त्याच शिक्षकाकडे घ्यावा. मधल्या काळांत बंदुकीची जरूर नाहीं. गच्चीवर उभें राहून, डावा पाय किंचित् पुढें टाकून, उडत्या पारव्यावर किंवा कावळ्यावर दोन्ही डोळे उघडे ठेवून डाव्या हाताची तर्जनी धरावी आणि तो दिसेनासा होईपर्यंत कमरेपासून वळत राहावें. दिवसांतून दहा वेळां पुरे. डाव्या खांद्यावरून शिकणाऱ्यानें पाय व हात उलटे घ्यावे. स्वतःची बंदूक घेण्याची घाई पहिल्या वर्षांत करूं नये. आणि पहिल्या धड्याच्या दिवशीं घरीं आल्यावर मुख्य डोळा कोणता निघाला, दस्त्याची लांबी किती बसली, काडतूस किती ग्रॅमचें सोसलें, आणि शिक्षकानें कोणतें वाक्य सर्वांत अधिक वेळां उच्चारलें, एवढें एका वहींत टिपून ठेवावें व दुसऱ्या खेपेस ती वही बरोबर न्यावी.